पोलीस स्थानकातून फोन येतो, तेव्हा प्रोबेशन ऑफिसरने किती सांगायचं?

सत्तरीची_लेक यांचा प्रश्न:

नमस्कार. मी उत्तर गोव्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटावर प्रोबेशन ऑफिसर आहे, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची चौकशी आणि देखरेख करते. लागून अजून वर्षही झालेलं नाही. मुलाची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. गाव आणि पोलीस स्थानकही सांगणार नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यासाठीच आहे. विचारायचं आहे ते कामाबद्दल.

माझ्या देखरेखीखाली एक सतरा वर्षांचा मुलगा आहे. मोबाईल चोरीचं प्रकरण. बाल न्याय मंडळाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आईच्या ताब्यात सोडलंय. आयटीआय सुटता कामा नये, रात्री नऊनंतर घराबाहेर राहायचं नाही आणि ठरलेल्या दिवशी मला भेटायचं, अशा अटी आहेत. मुलगा येतो. कधी बोलतो, कधी नुसता बसून राहतो. आई काजूच्या कारखान्यात जाते, तिला रजा टाकून येणं जमत नाही, म्हणून महिन्यातून एखादी फेरी मीच घरी मारते.

त्या भागात कुठेही मोबाईल गेला की स्थानकातून मला फोन. ‘तुमचा तो काल रात्री कुठे होता?’ ‘तुम्ही घरी जाताच, जरा बघा ना नवीन काही दिसतंय का.’ परवा तर मुलाच्या घरच्या परिस्थितीवर मी मंडळासाठी लिहिते त्या सामाजिक तपास अहवालाची प्रतच मागितली. साहेब म्हणाले, ‘मॅडम, आपण दोघेही सरकारचेच ना?’ बोलणं अगदी सभ्य. म्हणूनच नाही म्हणताना जीभ अडखळते.

उलट बाजूने मात्र शांतता. मुलाला ताब्यात घेतलं की पालकांना आणि प्रोबेशन ऑफिसरला कळवायचं, असं कलम १३ सांगतं. माझा अहवाल दोन आठवड्यांत मंडळापुढे जायला हवा. मला बातमी लागते ती मंडळाच्या कार्यालयातून, निम्मी मुदत उलटल्यावर. मग घर, शाळा, शेजारी, सगळं धावतपळत उरकायचं. एका मुलाच्या पुढच्या तीन वर्षांचा निर्णय ज्या कागदावर व्हायचा, तो असा घाईत लिहिताना मला झोप लागत नाही.

पोलिसांशी मला भांडायचं नाही. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांचे पत्ते त्यांच्याशिवाय सापडत नाहीत. काही ठिकाणी संध्याकाळी एकटीने जायला मला भीती वाटते, हे खरं सांगते. एका हवालदारांनी ‘जीपमधून सोडतो, बसा’ असंही म्हटलं. बसावं का? काय सांगावं, काय नाही? नाही म्हणायचं तर ते कसं म्हणावं, की उद्या त्यांच्याच दारात मदत मागायला जाताना पंचाईत होऊ नये? या कामात केस पांढरे झालेल्यांनी सांगावं.

डिचोलीकर_निवृत्त यांचं उत्तर:

ताई, जीपमध्ये बसू नका. बाकीचं नंतर, हे आधी.

मी पोलिसांतून सहाय्यक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं आमच्या स्थानकाचा बाल कल्याण पोलीस अधिकारी होतो. कलम १०७ प्रमाणे प्रत्येक स्थानकात असा एक अधिकारी नेमायचा असतो, आणि तो सहाय्यक उपनिरीक्षकाच्या खालचा चालत नाही. तुम्हाला फोन करणारा माणूस तोच आहे का, हे पहिलं बघा. माझा अंदाज, नसावा. हे फोन गुन्हे शोधणाऱ्यांचे असतात. चोरी उघडकीला आणा म्हणून त्यांच्यामागे वरून तगादा असतो, आणि हाताशी तयार असलेला पत्ता एकच, तुमच्या मुलाचा. त्यांच्यावर रागावू नका. पण उत्तरही देऊ नका. ‘मुलांच्या बाबतीत मी तुमच्या बाल कल्याण अधिकाऱ्यांशीच बोलते, त्यांच्याकडून लेखी येऊ दे’, एवढं म्हणून फोन ठेवा.

जीपचं कारण सांगतो. आपल्या गावात दुपारी जीप कोणाच्या दारात थांबली, हे संध्याकाळच्या आरतीला सगळ्या वाड्याला माहीत असतं. त्या जीपमधून तुम्ही उतरलात की त्या घरापुरतं तुमचं काम संपलं. मुलगा कधी नुसता बसून राहतो म्हणालात ना? ते बसणं फार मोलाचं आहे. आमच्यासमोर कुठलाही मुलगा असा बसत नाही. एक तर रडतो, नाही तर खोटं बोलतो. शिवाय मुलांशी संबंध येतो तेव्हा आम्हीच गणवेशात जायचं नाही, असा नियम आहे. पोलीस साध्या कपड्यांत आणि प्रोबेशनच्या बाई पोलिसांच्या गाडीत, हे कसं दिसेल?

आता एक प्रकरण सांगतो. मुलगा आता मोठा झाला आहे, तरी ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. २०१८ साली खाणी पुन्हा बंद पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून सगळं ठप्प झालं. आमच्या भागात रस्त्याकडेला, शेतांत, माटवासमोर ट्रक उभे राहिले. उभ्या ट्रकांच्या बॅटऱ्या जायला लागल्या. त्यात एक मुलगा सापडला.

चोरीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा, म्हणजे मुलांच्या कायद्यात तो किरकोळ गुन्हा. २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याचा एफआयआर करायचा नाही. स्थानकाच्या डायरीत नोंद घ्यायची आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. नमुना १ म्हणतात तो. हा नमुना बहुतेक जण रकाने भरून मोकळे होतात. वडील ट्रकचालक, आई घरकाम, शिक्षण नववी, सही. संपलं.

मी त्याच दिवशी प्रोबेशनच्या बाईंना फोन केला. रकान्यांत न मावणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या. बाप ट्रकचालक खरा, पण गाडी उभी राहिल्यापासून घरी बसून. ज्याच्या ट्रकाची बॅटरी गेली, तो बापाचाच जुना मालक, आणि मुलाला तुरुंगात पाठवा म्हणणारा तो माणूस नव्हे, नुकसान भरून मिळावं एवढंच त्याचं म्हणणं. तिसरं म्हणजे मुलाच्या हातात पाना ठेवणारा भंगारवाला चांगला चाळिशीचा. बाई दुसऱ्या दिवशी कदंबाच्या बसने त्या गावात गेल्या. घरात काय कळलं ते त्यांनी मंडळाला लिहिलं. मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्या अहवालात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि तसंच असायला हवं. मंडळाने मुलाला मामाच्या स्वाधीन केलं, बाईंची देखरेख ठेवली. भंगारवाल्याच्या मागे आम्ही लागलो. ते आमचं काम होतं.

काही वर्षांनी त्या मुलाला बोटीवर नोकरी लागली. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज आला. टेबलावरच्या शिपायाला जुनं प्रकरण आठवलं आणि त्याने शेरा लिहायला घेतला. कलम ७४ चं दुसरं पोटकलम असं आहे की प्रकरण निकालात निघालं असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी मुलाची नोंद बाहेर काढायची नाही. मी ते पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. शेरा लिहिला गेला नाही. मुलगा बोटीवर गेला, बापाचं कर्ज त्याने फेडलं.

पोलीस आणि प्रोबेशन यांनी हातात हात घालून काम करावं, असं प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. मला त्याचा अर्थ असा कळला आहे: आम्ही तुम्हाला लवकर आणि सगळं सांगायचं. तुम्ही आम्हाला थोडं, ठरलेलं आणि लेखी सांगायचं. देणंघेणं सारखं नसतं, आणि ते सारखं करायला गेलं की मुलगा मधल्या मध्ये चिरडतो.

करायचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा सकाळी, हजेरी झाल्यावर, स्थानकात जा. काम नसलं तरी जा. चहा घ्या, बाल कल्याण अधिकाऱ्याला विचारा, ‘डायरीत मुलांची काही नवी नोंद?’ फोनवर कोणी कळवत नाही ते समोर बसलेल्या माणसाला सांगावं लागतं. तुमचे गेलेले दिवस असे परत मिळतील. आणि तुमच्याकडून द्यायची माहिती एवढीच: रात्री नऊनंतर हा मुलगा बाहेर दिसला तर स्थानकात आणू नका, आईला आणि मला फोन करा. हे दोन नंबर.

पणजीतला_वकील यांचं उत्तर:

वरच्या उत्तराशी जवळजवळ पूर्ण सहमत. एकच मतभेद. त्या तीन गोष्टी फोनवर सांगितल्या ते त्या दोघांच्या चांगुलपणामुळे निभावलं. त्या नमुना १ लाच एक पान जोडून मंडळापुढे यायला हव्या होत्या. माणसं बदलतात, बदल्या होतात. कागद राहतो.

आता कायदा. मंडळाने विचारात घेतलेले मुलांबद्दलचे सगळे अहवाल कलम ९९ प्रमाणे गोपनीय आहेत. त्यातला आशय कोणाला कळवायचा हे मंडळ ठरवतं. म्हणजे प्रत देण्याचा अधिकारच तुमच्याकडे नाही. हे तुमच्यासाठी सोयीचं आहे. तुम्ही नाही म्हणत नसून मंडळाकडे बोट दाखवता. अठरावरच्यांसाठी १९५८ चा अपराधी परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशनचा, कायदा आहे, त्याचं कलम ७ हेच सांगतं.

‘घरात नवीन काही दिसतंय का बघा’ यावर जरा थांबावंसं वाटतं. १९५८ च्या कायद्याचं कलम १४ वाचा. चौकशी करणं, देखरेख करणं, नोकरी मिळवून द्यायला धडपडणं, भरपाई आणि खर्च भरायला मदत करणं, ही प्रोबेशन ऑफिसरची कामं. झडती त्यात नाही. पोलिसांना झडती घ्यायची असेल तर त्यांच्यासाठी रीतसर वाट आहे. तुमच्या डोळ्यांनी ती घेणं म्हणजे ती वाट चुकवणं.

अमेरिकेत बॉस्टनला हा प्रयोग उघडपणे झाला. १९९२ मध्ये डॉर्चेस्टर भागात पोलीस आणि प्रोबेशन ऑफिसर एकाच गाडीतून रात्री फिरू लागले आणि देखरेखीखालच्या पोरांच्या घरी जाऊन ती घरात आहेत का ते पाहू लागले. त्याआधी रात्री घरी न परतण्याची अट मोडणारा मुलगा पोलिसांना रस्त्यात दिसायचा, पण अट माहीत नसायची. अट माहीत असलेला प्रोबेशन ऑफिसर संध्याकाळी घरी गेलेला असायचा. तेव्हा तिथे टोळ्यांच्या गोळीबारात मुलं मरत होती, म्हणून दोघे एकत्र आले. पुढे त्या शहरात तरुणांचे खून खूप कमी झाले. त्यात १९९६ च्या दुसऱ्या एका मोहिमेचाही वाटा होता, त्यामुळे सगळं श्रेय एकाला देता येत नाही. पण त्याच देशात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रोबेशनवरच्या माणसाच्या घराची पोलिसांनी वॉरंटशिवाय घेतलेली झडती उचलून धरली, कारण झडतीला संमती ही त्याच्या प्रोबेशनचीच एक अट होती आणि पोलिसांना वाजवी संशय होता. तिकडे प्रोबेशन ऑफिसर आणि पोलीस किती जवळ आले, ते यावरून कळतं. आपला कायदा त्या रस्त्याने गेलेला नाही. आपल्या सत्तरी तालुक्यात टोळीयुद्धही नाही. बॉस्टनकडून घ्यायचंच तर अटीची माहिती दोघांकडे असावी, एवढं घ्या. गाडी घेऊ नका.

दोन ठिकाणी मात्र गप्प बसायचं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. दुसरं, किनारपट्टीच्या भागात कोणी मोठा माणूस मुलाच्या हातून अमली पदार्थ किंवा दारू पोचवत असेल, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७८ त्या माणसाला सात वर्षांपर्यंत आत घालतं. इथे मुलगा सावज असतो. त्याची माहिती मंडळाच्या कानावर घालून पोलिसांपर्यंत गेलीच पाहिजे. तिथे पोलीस आणि प्रोबेशन दोघे मिळून जे करू शकतात ते एकट्याला जमत नाही.

जाता जाता, अठरा ते एकवीसमधल्या मुलांबद्दल. त्यांना तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवायचा असतो, १९५८ च्या कायद्याचं कलम ६. पोलिसांनी दिलेली जुन्या गुन्ह्यांची यादी म्हणजे तो अहवाल नव्हे. वकिलांनीच हे कोर्टात आग्रहाने मांडायला हवं, आणि आम्ही ते पुरेसं मांडत नाही.

जुन्या_प्रोबेशनबाई यांचं उत्तर:

अगं, नाही म्हणायचं कसं, ते मी सांगते. पोलिसांना ‘मला माहीत नाही’ असं कधी म्हणू नकोस. तुला माहीत असतं, आणि समोरच्यालाही कळतं की तुला माहीत आहे. ‘मला सांगता येत नाही’ असं म्हण. पहिल्याने विश्वास जातो, दुसऱ्याने जात नाही.

आणि हेच मुलालाही सांग. मी कोणाला काय सांगणार, काय नाही, हे मुलासमोर आणि आईसमोर पहिल्याच भेटीत बोलून टाकायचं. तू मला जे सांगशील ते मी मंडळाला लिहू शकते, पोलिसांना नाही. तुझ्या जिवाला धोका असेल तर मात्र मी कोणालाही सांगेन. मूल एवढं सहज समजतं. न सांगता नंतर कळलं तर मात्र ते तुला माफ करत नाही.

एकटीने जायचं नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या कक्षातली समाजसेविका सोबत घे, कार्यालयातून तसा लेखी आदेशच माग. विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजसेवक असायचे असतात, त्यात एक बाई. जिल्ह्याला ती आहे का, विचार. दुपारी जा, आईच्या सुट्टीच्या दिवशी जा. रात्री नऊला तिथे जाऊन मुलगा घरात आहे का हे बघणं तुझं काम नाही.

त्या नऊच्या अटीवरून मला एक भीती वाटते, ती वर कोणी बोललं नाही. शिगमा जवळ येतो. मग जत्रा, दशावतारी नाटकं, पुढे चवथीच्या आरत्या. त्या रात्री गावातलं एकही पोर नऊला घरात नसतं. मुलगा रोमटात, शिगम्याच्या मिरवणुकीत, नाचायला जाणार. त्याने का जाऊ नये? तेवढ्याच रात्री बंदोबस्ताला जास्त पोलीस असतात. कोणीतरी त्याला ओळखेल, अट मोडली म्हणून कागद होईल आणि चांगलं चाललेलं प्रकरण नाहक बिघडेल. मी पाहिलंय असं. आधीच मंडळाकडे अर्ज कर. या या तारखांना आई किंवा मामा सोबत असताना अट शिथिल करावी, एवढंच लिही. मंजूर झाला तर त्याची माहिती बाल कल्याण अधिकाऱ्याला दे. ही अशी माहिती त्यांना जरूर द्यावी. मुलाला नाचता येऊ दे गं. गावात परत मिसळणं म्हणजे आणखी काय असतं?

सत्तरीची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, शिगम्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज आजच लिहायला घेते. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. फोन करणारे बाल कल्याण अधिकारी नाहीतच. स्थानकाच्या बाल कल्याण अधिकारी एक महिला उपनिरीक्षक आहेत आणि त्यांना या फोनांची कल्पनाच नव्हती. मी आज त्यांना भेटून आले. चांगलं बोलल्या. पण अहवालाची प्रत मागितली होती त्याचं काय करू? तोंडी मागितली होती. उत्तर लेखी द्यायचं का? आणि साहेबांना वाईट वाटलं तर?

डिचोलीकर_निवृत्त:

लेखी द्या. साहेबांना वाईट वाटणार नाही, उलट त्यांची सुटका होईल. वरून कोणी विचारलं तर त्यांच्या हातात कागद असेल.

पत्र साहेबांच्या नावे, मार्फत बाल कल्याण पोलीस अधिकारी. मुलाचं नाव लिहू नका, मंडळाचा प्रकरण क्रमांकही नको. ‘दूरध्वनीवरून विचारणा झाल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करा, म्हणजे तोंडी मागणं नोंदीला येतं आणि कोणावर ठपकाही राहत नाही. मग एकच वाक्य: सामाजिक तपास अहवाल कलम ९९ खाली गोपनीय असल्याने आवश्यकता भासल्यास माननीय बाल न्याय मंडळाकडे विनंती करावी. त्याच पत्रात दुसरा परिच्छेद घाला, आणि खरं तर तोच महत्त्वाचा आहे: यापुढे मुलाला ताब्यात घेतल्यावर कलम १३ प्रमाणे त्याच दिवशी मला खालील क्रमांकावर कळवावं, ही विनंती. नाकारताना मागूनही घ्यायचं.

एक प्रत विशेष बाल पोलीस पथकाच्या उपअधीक्षकांना. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. ती पोच मुलाच्या फाईलला लावू नका, पत्रव्यवहाराची वेगळी फाईल करा. मुलाच्या फाईलमध्ये पोलिसांचे कागद जितके कमी, तितकं बरं.